नळीतली कुंभारीण

प्रिय खुडबुडे,

सांगतेय मी, लिहितोय तुझा बाप. अक्षर किरटं आलं तर त्याला बोल लाव, माझं बोलणं ठसठशीत आहे.

चौकशीचा निकाल तुझ्या बाजूनं लागला हे काल तुझ्या फोनवर ऐकलं आणि मी अशी ओरडले की वरची शेजारीण धावत आली. तिला वाटलं, म्हातारी पडली. पडते कसली! तिला बसवलं आणि तुझी सगळी विद्या ऐकवली. विमानाच्या नाकाशी बोटाएवढी नळी असते, समोरून तोंड उघडं. धावत्या बसच्या खिडकीत आ केला की वारा गाल फुगवतो ना, तसा तो नळीत घुसतो. विमानाच्या अंगावरच्या बारीक भोकांतून नुसत्या हवेचा दाब कळतो. दोन्हींतल्या फरकावरून वेग. तू हे शिकवलंस तेव्हा मी बसमध्ये खरोखर आ केला होता, आणि कंडक्टरनं आधी माझ्याकडे आणि मग कीव करून तुझ्याकडे पाहिलं होतं.

मग शेजारीण विचारते, भांडण कशावरून? म्हटलं, कुंभारणीवरून! मातीचं घर बांधणारी ती माशी. नळ्यांच्या लाल टोप्या धुवायला गेल्या, नळ्या दोन दिवस उघड्या राहिल्या, आणि तुला एक कुंभारीण नळीच्या तोंडाशी घुटमळताना दिसली. झालं! तू विमान सोडायच्या कागदावर सही करेनास. साहेब म्हणाले, बाहेरून लख्ख दिसतंय, कर सही. तू म्हणालीस, आधी त्या माशीची आणा. प्रवासी उतरले, तुला नाही नाही ते बोलले, नळी सील होऊन तपासायला गेली आणि चौकशी संपेपर्यंत तू महिनाभर घरी. निघालं काय? आत मातीचं पक्कं बूच! वर चढताना वेगाचा काटा धादांत खोटं बोलला असता. आता तेच साहेब तुला परत बोलावतायत. जा, ताठ मानेनं जा.

राहता राहिला हा लिहिणारा. एका माशीपायी नोकरी घालवतेस, माफी लिहून दे, असं तुला म्हणाला आणि तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. कालपासून तीनदा फोन उचलून खाली ठेवलाय. तोंडानं जमेना, म्हणून म्हटलं, कागद घे. पत्राचं निमित्त माझं. पुढची ओळ त्याची. मला वाचता येत नाही, पण शेजारीण वाचून दाखवणार आहे, हे त्याला बजावलंय.

बाळा, माझं चुकलं. तुझ्या जागी मी असतो तर सही केली असती.

तुझीच, हरखलेली
आजी