आत्याचा काळा फळा

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (सध्या कागदावरच, कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही सगळे बरे आहोत. आपल्या शाळेत मात्र, म्हणजे जिथून तू निवृत्त झालीस आणि जिथे मी अजून गणित शिकवतो तिथे, मोठी उलथापालथ झाली आहे. तुझ्या वर्गातला काळा फळा उतरवून तिथे विजेवर चालणारा लावला. जुना जिन्याखाली टेकवून ठेवलाय. येत्या शनिवारी भंगारवाला येणार.

आता मी नव्याला नावं ठेवणार असं तुला वाटेल. पण खोटं कशाला बोलू, वस्तू देखणी आहे. वर्तुळ काढा, फिरवा, मोठं करा, काल पुसलेलं आज परत मागा, मुकाट्याने देतो (आमच्या घरात इतकं ऐकणारं कुणी नाही). संस्थेच्या मंडळींसमोर त्यावर पहिला पाठ कोण घेणार, असं मुख्याध्यापकांनी विचारलं आणि मी छाती काढून पुढे झालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डावा तळहात फळ्यावर टेकला की ओळ तिरकी जात नाही, ही तुझीच शिकवण, आणि ती आता माझ्या हाडात मुरलेली. या फळ्याला मात्र तळहात लागला की वाटतं, पुसायला सांगितलंय. मी उजव्या हाताने प्रमेय लिहीत गेलो आणि डाव्याने ते पुसत गेलो. लिहिताना मागे बघायची आपली रीत नाही. शेवटी ‘म्हणून हे सिद्ध झाले’ असं लिहून ऐटीत वळलो, तर फळ्यावर तेवढंच उरलेलं. काय सिद्ध झालं, असं एका सभासदांनी फार नम्रपणे विचारलं. मी गडबडून एक पाऊल मागे घेतलं आणि लाकडी पायरीवरून खाली आलो. कंबरेची हकिकत एवढीच.

शेकत पडल्यापडल्या मग फळ्यांचाच विचार करत होतो. पूर्वी म्हणे पोरापोराच्या हातात पाटी असायची आणि मास्तर वाकून वाकून प्रत्येकीवर तेच गणित लिहून द्यायचे. मग कुणाला तरी सुचलं की एक मोठी पाटी भिंतीलाच टांगावी. केवढं डोकं म्हणायचं ते. एका जागी उभं राहून सगळा वर्ग एकदम शिकू लागला आणि मास्तरांची पाठ वाचली (पाठ या विषयात मी सध्या हळवा आहे). पुढे लाकडाला काळा रंग आला, मग कुणी म्हणालं डोळ्यांना हिरवा बरा, मग पांढरा आला, त्याची ती ऐन तासात वाळणारी पेनं घेऊन. दर वेळी जुने शिक्षक कुरकुरले असणार आणि दर वेळी पोरं चटकन शिकली असणार. तरी मला तुझा काळाच थोर वाटतो. तू मोकळ्या हाताने वर्तुळ काढायचीस आणि टोकाला टोक भिडेपर्यंत मागच्या बाकावरचेसुद्धा श्वास रोखून बसायचे. मीही त्यांतलाच. त्या वर्तुळापायी मी गणिताकडे वळलो, हे तुला आजवर सांगायचं राहिलं.

बाकी सर्व क्षेम. तुझ्या सूनबाईंना, म्हणजे आमच्या वहिनींना नमस्कार, तुझ्या नातीला गालगुच्चा.

तुझा (तूर्त आडवा) भाचा

ता. क. मुख्याध्यापक म्हणतात, रोज वापरणारं कुणी असेल तर जुना फळा पहिलीच्या वर्गात लावू, नाहीतर भंगार. मी तुझं नाव दिलंय. रोज एक तास, लहान मुलांचं अक्षर. ‘आता हाताची सवय सुटली’ हे तुझं ठरलेलं उत्तर मी त्यांना कळवलेलं नाही.

आणखी एक. फळ्याबद्दल लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पत्र वहिनींनी लिहायला लावलं. तू हल्ली रोजच्या भाजीला दहापैकी गुण देतेस म्हणे, आणि परवा चार देऊन पुन्हा करायला सांगितलीस.

शेवटचं. हे तुला सांगू नका असं वहिनींनी बजावलंय. नातीला बेरीज समजावताना तू बोटाने भिंतीवर लिहितेस, आणि ती म्हणते, आजी, काहीच दिसत नाही. शुक्रवारी सकाळी गाडी पाठवतो.