कॉन्टेसाचं डावं दार

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन चर्चमधून आले, जुना ड्रेस चढवला आणि सरळ विहिरीजवळ जाऊन पप्पांच्या जुन्या कॉन्टेसा गाडीवरची ताडपत्री ओढली. आत मांजरीची पिल्लं, एक सुकलेला नारळ आणि गंज. गंज भरपूर. राजोडीच्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीच्या बिजागऱ्या टिकत नाहीत, तिथे ही इतकी वर्षं उभी.

दादा शेजारच्या त्याच्या ओट्यावरून बघत होता. म्हणाला, साप असतील त्यात. म्हटलं, असले तर निघतील. मग हळूच सांगितलं त्याने, पप्पांना जाऊन वर्ष झालं, वर्षाचा मिस्साही झाला, आता ही ठेवायचं काही कारण नाही, ईस्टरच्या सोमवारी भंगारवाला येतोय.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सोमवारी ही गाडी फाटकातून स्वतःच्या चाकांवर बाहेर पडणार, आणि चालवणार तू."

उठून आत गेला. वहिनीने माझ्याकडे असं बघितलं जसं मीच साप.

बोलून बसलेय. करणार.

१९ फेब्रु., गुरु.

पास्कल म्हणतो, तू लग्नाचे गाऊन शिवणारी बाई, तुला पत्र्यातलं काय कळतं. नवरा आहे, बोलणारच. मी म्हटलं, कापड काय नि पत्रा काय, दोन्ही सपाट येतात आणि दोन्हींना अंग द्यावं लागतं. चहा ठेवायला गेला. तेवढं बरं करतो.

वेळही आहे. ईस्टरपर्यंत उपवासकाळ, त्यात लग्नं नाहीत. ईस्टरनंतरच्या नवऱ्या सगळ्या पोट कमी करायच्या नादात, ट्रायल पुढे पुढे ढकलतात. करू देत कमी. मशीनवर कव्हर घातलं.

२२ फेब्रु., रवि.

आज डाव्या बाजूला बसून नीट बघितलं. बघायचं टाळत होते.

दार आत गेलेलं, मधोमध, परातीएवढा पोचा. पप्पा दादाला गाडी शिकवत होते. गास गावच्या वळणावर समोर म्हैस आली, दादाने स्टिअरिंग वळवलं आणि खांब पप्पांच्या बाजूला. दादाला खरचटलंसुद्धा नाही. पप्पांच्या खुब्याचं हाड मोडलं, ते शेवटपर्यंत काठी घेऊनच चालले.

त्यानंतर दादाने स्टिअरिंगला हात लावला नाही. कुठल्याच. रिक्षाने जाईल, माझ्या स्कूटरवर मागे बसेल, मुलीला शाळेत चालत सोडेल. आणि पप्पांनी गाडी दुरुस्तही केली नाही, विकलीही नाही. दर रविवारी मिस्सानंतर काठी टेकत जायचे, इंजिन सुरू करायचे, थोडा वेळ ऐकत बसायचे, बंद. ते गेल्यावर पास्कल करतो. म्हणून इंजिन ठणठणीत. अंग तेवढं सडलं.

माझं म्हणणं साधं आहे. पोचा गेला की विषय गेला. रोज डोळ्यासमोर असलं की माणूस विसरणार कसा?

२६ फेब्रु., गुरु.

दाराखालचे लांब पत्रे दोन्ही बाजूंनी गेलेत. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर बिस्किटासारखा आत. डिकीची कड, मागच्या चाकांवरच्या कमानी, तेही. बाकी वरचं अंग उत्तम. जुना पत्रा, जाड. हल्लीच्या गाड्या बोटाने दबतात.

खाकी कागद लावून पॅटर्न काढले. कमानीला कागद बसेना, मग बाहीच्या मुंड्याला देतो तसे छोटे काप दिले, बसला गुमान. त्यावरून पत्र्यावर आखलं.

वेल्डिंगला सुरेश आणलाय, नालासोपाऱ्याचा, खिडक्यांच्या ग्रिल करतो. कागद बघून हसायला लागला. मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा बघतोय, बोलला. मी सांगितलं त्याला, नवरीच्या बगलेपेक्षा सोपं आहे हे, गाडी निदान श्वास रोखून धरत नाही.

३ मार्च, मंगळ.

सुरेशने ग्रिलच्या मशीनने पहिला तुकडा जोडायला घेतला आणि पत्र्याला भसाभस भोकं. जाड पाइपची सवय. मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग मशीन पायजे, दोस्ताकडून आणतो. आणली. आता टाका कसा नाजूक पडतो. एकदम सरळ ओढून नाही न्यायचं, इथे एक टाका, तिथे एक टाका, गार होऊ द्यायचं. कच्ची शिलाईच की.

कमानी दोन्ही झाल्या. हात फिरवला तर जोड लागत नाही. खूश आहे मी आज, का नसावं?

७ मार्च, शनि.

वहिनी सांगत होती, हातोडीचा आवाज सुरू झाला की दादा बीचवर जाऊन बसतो. शनिवार-रविवारच्या त्या पिकनिकवाल्यांच्या गर्दीत! ज्याला माणसं सहन होत नाहीत तो.

वहिनी चिडून नाही बोलली. घाबरून बोलली. मी म्हटलं, बसू दे. जखम साफ करताना झोंबतंच.

पण रात्री जेवण गेलं नाही नीट.

१४ मार्च, शनि.

वाट लागली.

दाराखालचे दोन्ही पत्रे काल पूर्ण जोडून झाले. गाडी मधोमध ठोकळ्यांवर, चाकं काढलेली, बसून काम करायला सोपं म्हणून. उजवं दार लावून बघितलं होतं, फट सगळीकडे सारखी. मीच म्हटलं सुरेशला, बघ, याला फिटिंग म्हणतात.

आज चाकं चढवली, खाली उतरवली. उजवं दार लागेना. वर घासतंय, खाली बोटभर फट. गाडी मधून बसली. ठोकळ्यांवर दोन्ही टोकं लोंबत होती, आम्ही तशीच लोंबती जोडून टाकली.

आणि हे कोणी केलं? मी! जी नवरीला बूट आणल्याशिवाय ट्रायल देत नाही. चप्पल घालून आली तर परत घरी पाठवते, कितीही रडू दे. टाच बदलली की कंबर बदलते, घेर बदलतो, सगळं बदलतं, हे अख्ख्या वसईला ऐकवते. आणि गाडीची ट्रायल घेतली अनवाणी.

सुरेश म्हणाला, दार घासून बसवून टाकू, कोण बघतंय. त्याच्यावर इतकी ओरडले की पास्कल बाहेर आला. नंतर सुरेशला सॉरी म्हटलं. चूक माझी, ओरडा त्याला.

१५ मार्च, रवि.

मिस्सामध्ये लक्ष नव्हतं. फादरांचं प्रवचन चालू आणि मी समोरच्या बाकाची फट बघतेय.

उसवायचं. दुसरं काय. चुकलेलं उसवायला मला कधी लाज वाटली नाही.

१९ मार्च, गुरु.

चाकांवर उभी ठेवून, पुढच्या सीटवर भाताची पोती माणसांच्या जागी, आणि मग जोड कापले. कापताना गाडी कर्र करून हलली आणि आपल्या जागेवर बसली. सुरेशने मान डोलावली. मग तिथेच कच्चे टाके, दार लावून बघायचं, परत टाके, परत दार. दिवसभर दार उघड-लाव, उघड-लाव.

संध्याकाळी उजवं दार एका बोटाने ढकललं. टक्. पास्कल घरातून म्हणाला, लागलं की. त्यालाही कळलं आवाजावरून.

दादा बीचवर नव्हता गेला. ओट्यावर होता.

२१ मार्च, शनि.

आता फक्त डावं दार. दार काढून ओट्यावर आडवं ठेवलं. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी, कडेकडून मध्ये यायचं, पोच्याच्या पोटात पहिला ठोका नाही द्यायचा. सगळं माहीत करून घेतलंय.

हातोडी उचलली आणि दादा आला. पायात चप्पल नाही, तसाच.

मला वाटलं भांडणार. मी तयारच होते. काय काय बोलायचं ते तोंडात जमवलंसुद्धा होतं. पण तो दाराजवळ खाली बसला आणि पोच्यावरून हात फिरवला.

म्हणाला, "एक दिवस तरी ओरडायला पायजे होतं त्यांनी. एक शिवी पन दिली नाय मला, फिलू."

मला जन्मभर वाटायचं पप्पा किती मोठ्या मनाचे, कधी शब्दाने दुखावलं नाही त्याला. आणि हा इतकी वर्षं त्या एका शब्दाची वाट बघत बसलाय.

दर रविवारी गाडी सुरू करायचे ते ऐकून त्याला वाटायचं, मला ऐकवायला करतायत. मी म्हटलं, नाही रे, त्यांना आवडायची म्हणून. पण मला तरी कुठे माहीत? मी कधी विचारलं?

हातोडी ठेवून दिली. तो गेला तरी तिथेच बसून होते. रडले. पोचा गेला की विषय गेला, म्हणे. किती शहाणी मी.

२५ मार्च, बुध.

चार दिवस हातोडीला हात नाही. सुरेश फोन करतो, मॅडम, प्राइमर कधी मारायचा. एका नवरीची आईही फोन करते. तिला उद्याची ट्रायल दिली, बूट घेऊन या सांगितलं.

पास्कल म्हणाला, दार आहे तसं लाव आणि रंग मार. होईल तेही. पण पोचा काढायचा तर दादाला विचारून, ठेवायचा तरी त्याला विचारून. सुरुवात मी न विचारता केली, तेवढं पुरे.

संध्याकाळी दादाच्या घरी गेले. तो लसूण सोलत होता. सरळ विचारलं, पोचा काढू का ठेवू? तू सांगशील ते.

हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. मग म्हणाला, "काढ." मग म्हणाला, "पन भंगारवाल्याला मी अजून येऊ नको सांगितलं नाय."

वहिनीने जाताना हातात रताळी दिली. बरं वाटलं.

२८ मार्च, शनि.

काढला. सकाळपासून दुपारपर्यंत. आधी कडा, मग गोल गोल आत. पत्रा ताणलेला असतो, मारत सुटलं तर फुगा येतो, मग गरम करून गार पाण्याचं फडकं. सुरेशने फडकं मारलं, मी हातोडी. शेवटी डोळे मिटून हाताने बघत होते, डोळ्यांपेक्षा तळहाताला जास्त कळतं.

अगदी तिरक्या उन्हात एक बारीक लाट दिसते. सुरेश म्हणतो जाड लांबी, म्हणजे पुट्टी, भरू, गायब होईल. नाही भरणार. पातळ हात फक्त. जाड लांबी पुढच्या वर्षी तडकते आणि आत गंज धरतो, मला माझ्या कामात पोकळ काही नको.

दादा आज बीचवर होता. समजू शकते.

३ एप्रिल, गुड फ्रायडे

आज हातोडी, खिळा, काही नाही. आईच्या वेळेपासून घरात हाच नियम. चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला दादा माझ्या शेजारी होता.

घरी येऊन गाडीकडे बघितलं. अख्खी लाल प्राइमरमध्ये, विटेसारखी. लांब नाक, रुंद खांदे, दारं चारही आपापल्या जागी. सुंदर दिसते. माझी आहे म्हणून नाही, दिसतेच.

५ एप्रिल, ईस्टर

जेवायला दादाकडे. गाडीचा विषय कोणीच काढला नाही, त्याच्या मुलीनेसुद्धा नाही. बहुतेक दटावून ठेवलेली.

भंगारवाल्याचं काय, विचारायला गेले नाही. माझं काम मी केलंय आणि चांगलं केलंय. बाकी त्याच्यावर. असं लिहितेय, पण झोप येत नाही.

६ एप्रिल, सोम.

सकाळी फाटक उघडून ठेवलं. चावी गाडीत. ओट्यावर बसून राहिले. भंगारवाला आला तर त्याला काय सांगायचं, याची तयारी होती माझी, शब्दन् शब्द.

दादा आला. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. माझ्याकडे बघितलं नाही. गाडीच्या पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेला. दार उघडलं, आत बसला, ओढून घेतलं. पहिल्या झटक्यात लागलं.

मला कळेना. काचेजवळ गेले. म्हटलं, दादा, स्टिअरिंग तिकडे आहे. बोलले आणि माझीच मला लाज वाटली.

म्हणाला, "माहीत हाय. मला नाय जमनार, फिलू. तू बस. मी सांगतो."

मला स्कूटरशिवाय काही येत नाही. हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, पास्कल तर दारात डोक्याला हात लावून उभा. सगळं ठरवलं होतं मी, पत्रा, टाका, दिवस, वार. मी चालवेन हे कुठेच नव्हतं. पहिल्यांदा भीती वाटली, या सगळ्यात पहिल्यांदा. पप्पांच्या जागेवर बसलाय हा, आणि चालवायला मी, काही न येणारी. खांब कुठेही असू शकतो.

त्यालाही हे कळत होतं. कळत होतं म्हणूनच तर तिथे बसला होता.

बसले. क्लच सांगितला, गिअर सांगितला. आवाज पप्पांचाच, तीच घाई नसलेली पद्धत, हळू सोड, हळू, अजून हळू. एक हात समोर डॅशबोर्डवर घट्ट टेकलेला. पण गाडीतून उतरतो म्हणाला नाही.

विहिरीपासून फाटकापर्यंत गेलो. फाटकात धक्का बसून बंद पडली. पुढचं चाक रस्त्यावर, बाकी गाडी आत. मी त्याच्याकडे बघितलं. घामाने शर्ट भिजला होता.

म्हणाला, "परत चालू कर."