खोल पाण्यातला मासा

उन्हाळ्याचा शेवटचा आठवडा
मंगळवार, दुपार

भावोजींना नमस्कार.

अक्षर कुणाचं, असं वाटेल तुम्हाला. माझंच आहे. हे गेल्यावर लेकीच्या जुन्या पुस्तकांवरून लिहायला-वाचायला शिकले. आता वाचनालयातल्या बाई मला दारात बघितलं की म्हणतात, "आलात? अजून एक कपाट उरलंय बघा." तुम्ही कसे आहात? खोकला गेला का?

इकडे बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण धक्क्यावर दिवसभर उभं राहून मासे साफ करायचे, तर त्याचं ऐकून कसं चालेल? या दिवसांत काठचं पाणी कोमट होतं आणि मोठा मासा खोलात निघून जातो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! काठाशी गळ टाकणाऱ्यांना बोटभर पिल्लं मिळतात. बर्फवाला परवा म्हणाला, "वहिनी, यंदा बर्फच तळून खाऊ."

आणि आमच्या लेकीची टोपली मात्र भरलेली.

तिची छोटी होडी तुम्हाला माहीत आहे. घराचं छप्पर दिसेल तिथवरच जायचं, एवढी एकच अट मी घातली होती. मोठी झाली, माझ्यापेक्षा उंच झाली, तरी ती अट तिनं मोडली नव्हती. असं मी धरून चालले होते.

काल सकाळी तिनं चार मोठे लाल मासे माझ्यासमोर टाकले आणि हात धुवायला वळली. मी सुरी उचलली आणि तशीच थांबले. माशांचे डोळे खोबणीतून बाहेर आलेले, फुग्यासारखे. एकाची आतडी तोंडात येऊन अडकली होती. खोल पाण्यातला मासा एकदम वर ओढला की त्याच्या पोटातली हवा फुगते आणि सगळं बाहेर ढकलते. बाकीच्या तिघांच्या तोंडात पोरीनं अंगठ्यानं सगळं आत कोंबलं होतं. डोळे कसे कोंबणार?

"कुठे मिळाले गं?"

"खडकांच्या मागे."

"तिथे पाणी किती?"

"आई, साफ कर ना. गिऱ्हाईक येईल."

"किती पाणी?"

"असेल पुरुषभर."

"पुरुषभर पाण्यातला मासा असे डोळे वटारतो होय? कुणाच्या बोटीवर गेली होतीस?"

तिनं नळ बंद केला नाही. पाठमोरीच म्हणाली, "काकाच्या."

मी उपड्या खोक्यावर बसले. मग कुठलीही आई बोलेल तेच बोलले. ज्या पाण्यानं तुझा बाप नेला त्याच पाण्यात जातेस, लाज नाही वाटत, वगैरे. बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण बर्फवाल्यानं हातातली लादी खाली ठेवली.

ती म्हणाली, "बाबांना पाण्यानं नाही नेलं, आई. त्यांनी उडी मारली."

दूध नासलंय असं सांगावं तशी बोलली. आणि लगेच तिचाच हात तिच्या तोंडावर गेला.

भावोजी, तुम्ही मला सांगितलं होतं, लाट आली. याच घराच्या उंबऱ्यावर उभे राहून सांगितलं होतं. ओले होतात, दात वाजत होते, मी तुम्हाला यांचा सदरा दिला. मोठी लाट आली आणि दादाला घेऊन गेली, असं म्हणालात. मी तेच धरून इतकी वर्षं काढली. लाटेला शिव्या घालता येतात, ती उलटून बोलत नाही.

आता पोरगी तुमच्याच तोंडून ऐकलेलं सांगते, लाट नव्हतीच. पाणी ताटासारखं सपाट होतं. तुमच्या मनगटाला गळाचा दोर गुंडाळला गेला, माशानं हिसका दिला आणि तुम्ही पाण्यात गेलात. तुम्हाला पोहता येत नाही हे सगळ्या घराला ठाऊक. यांनी उडी मारली, तुम्हाला खालून रेटून बोटीच्या कडेला लावलं, आणि मग ते स्वतः दिसलेच नाहीत.

काल दिवसभर मासे तसेच राहिले. हाताला पाणी लागलं तरी दचकत होते. तुम्ही आमच्याकडे येणं का बंद केलंत ते काल कळलं. मला वाटायचं, दुःखानं. लेकीला म्हणालात म्हणे, "वहिनीला लाटेचा राग झेपेल, माझा नाही झेपायचा." ते कोण ठरवणार होतं? माझा नवरा कसा गेला ते मला कळायला नको? हातून निसटलेला माणूस वेगळा आणि समजून-उमजून उडी मारणारा वेगळा. मी वेगळ्याच माणसासाठी रडत बसले.

राग आहे. खोटं कशाला बोलू? पण यांनी ज्याला वर काढलं त्याला मी खाली कसं ढकलू?

लेकीला थांबवायचं म्हणून हे पत्र लिहायला बसले होते. ती थांबणार नाही. "काठाला काय उरलंय?" असं तोंडावर विचारलं तिनं. तिच्या कमरेला दोर बांधता, असं ती सांगते. स्वतःच्या मात्र तुम्ही बांधत नाही. पोहायलाही अजून शिकला नाहीत. दोराशिवाय मोकळं उभं राहून समुद्राला यांच्या जिवाचा कसला हिशेब देताय? मला तो नको.

ती कुणाची मुलगी आहे ते आठवा. तुम्ही पडलात तर ती दोर सोडून तुमच्यामागे उडी मारेल, विचार करायला क्षणभर थांबणार नाही. म्हणून उद्यापासून तुमच्या कमरेला दोर हवा. ती बांधेल, तुम्ही मुकाट्यानं बांधून घ्या.

पडू नका, भावोजी. एवढं एक माझं ऐका.

उडी मारणाऱ्याची बायको,
तुमची वहिनी