कमी छर्रे, कमी दोष

१० ऑगस्ट, रविवार

पद्मनाभ आज मागच्या दाराने आला! समोरासमोर घरं, मधे एवढासा रस्ता, आणि तीस वर्षांत हा माणूस आमच्या पुढच्या पायरीच्या वर कधी चढला नाही. आमच्याकडे मटण शिजतं ना. पाणीसुद्धा घेत नाही. चातुर्मासात तर विचारूच नये — गेला महिना भाजी बंद, हा महिना दही बंद, पुढच्या महिन्यात दूध. आणि हा सोवळ्यातला गृहस्थ आमच्या न्हाणीघराशी उभा राहून हळूच विचारतो, "मानाजी, सुम्ने, सहज विचारतो हं. पक्षी मारायची सगळ्यात लहान बंदूक कुठली?"

मी म्हटलं, कावळे त्रास देतायत काय.

तसं नाही म्हणे. मुलगा, प्राणेश, अमेरिकेत साउथ डकोटात असतो. बियाण्यांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिकडे ऑक्टोबरात फेझंटची शिकार खुली होते — फेझंट म्हणजे आपल्या रानकोंबड्याचा लांब शेपटीचा भाऊ. पहिल्या शनिवारी साहेब सगळ्यांना आपल्या शेतावर नेतो. आजवर प्राणेशने ताप, पाहुणे, पोटदुखी अशी कारणं दिली. आता बढती तोंडावर आली आणि साहेब म्हणाला, यंदा यायचंच. स्वतःची बंदूक घेऊन.

"गेला नाही तर तिथे कायमचा बाहेरचाच राहील रे," पद्मनाभ म्हणाला. "गेला तर जीवहत्या. म्हणून म्हटलं, लहानातली लहान घेतली तर दोष पण स्वल्प कमी लागेल."

इतकं मूर्ख वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि मी सबंध नोकरीभर पोलिसांना नेमबाजी शिकवली आहे, म्हणजे मूर्ख वाक्यं मी कमी ऐकलेली नाहीत.

अडला हरी गाढवाचे पाय धरी — हे लिहून झाल्यावर लक्षात आलं की यात गाढव मी. असो.

११ ऑगस्ट, सोमवार

त्याची अट — तुळसीवहिनींना कळता कामा नये. म्हणजे फोन माझ्या घरून, शिकवणी माझ्या घरात, पाप मात्र परस्पर अमेरिकेत. सोसल्याच्या मठाच्या उत्सव समितीत हा बसतो! इतरांनी ताटात काय घ्यावं आणि काय नाही, हे सांगत.

वनजा म्हणाली, "अहो, नाही म्हणायचं होतं." मी म्हटलं, बघू. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. निवृत्त झाल्यापासून मला बंदुकीचं काही विचारणारा माणूस हा पहिलाच, हे तिला दिसलं असणार. बायकोला सगळंच दिसतं, हा लग्नाचा मोठा तोटा आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी प्राणेशशी व्हिडिओवर बोलणं. तिकडे शनिवारची रात्र. पद्मनाभ खुर्ची भिंतीकडे वळवून बसला, हातात जपमाळ. ऐकायचं, पण पाहायचं नाही.

"अंकल, मी भरपूर रिसर्च केला. मला लाइट गन पाहिजे, कॅरी करायला ईझी. आणि लूक पण चांगला."

लूक! बंदूक बघतोय की मुलगी बघायला निघालाय? मी म्हटलं, घरात छत्री असेल तर खांद्याला लाव. त्याने लावली — काखेत. ताप बघताना लावतात तशी. वर एक डोळा गच्च मिटला. मी म्हटलं, उडत्या पाखरावर दोन्ही डोळे उघडे ठेवायचे. "दोन्ही? बट हाऊ?" — देवाने दोन दिलेत, ते कसे उघडायचे हे मी शिकवायचं!

हलकी बंदूक नवशिक्याच्या कामाची नाही, हे त्याला सांगितलं. हलकी बंदूक खांद्याला जास्त धक्का देते, आणि पाखरामागे फिरवताना मधेच अडते. जरा वजन असलं की ती आपली आपण वळत राहते. त्याने हे सगळं लिहून घेतलं. लिहून घेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

त्याच्या मागे टेबलावर तळलेल्या कोंबडीचा उघडा खोका होता, वर हाडं. मी फोन माझ्याकडे वळवून घेतला. पद्मनाभ भिंतीकडेच बघत होता म्हणा, पण कुठे त्याने मान वळवली असती तर?

२३ ऑगस्ट, शनिवार

लष्कर मोहल्ल्यात गेलो होतो. तिथलं बंदुकांचं जुनं दुकान आता मिक्सर दुरुस्त करतं. मालकाने अडगळीतून चारशेदहा बोअरचं एक रिकामं काडतूस काढून दिलं. "काय सर, परत शिकार?" म्हणून हसला. मी हसलो नाही. शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या दिवशी बाबांनी वीस बोअरची दुनळी पुसून कपाटात ठेवली, पुन्हा रानात नेली नाही. आम्ही जायचो त्या सरगूरकडच्या माळावर लावे अजून असतील. असोत बिचारे. पण हे दात काढणारे मिक्सरवाले मला शिकार शिकवणार!

२४ ऑगस्ट, रविवार

आज धडा चांगला झाला, माझा मलाच आवडला.

बोअरचा आकडा उलटा चालतो, हे आधी समजावलं. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. बारापेक्षा वीस बारीक, विसापेक्षा अठ्ठावीस बारीक. चारशेदहा तर सगळ्यात बारीक — करंगळी आत जाईल न जाईल. दिसायला गोड म्हणून लोक ती पोरांना, बायकांना, नवशिक्यांना घेऊन देतात. ती खरी उस्तादाची बंदूक. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

मग दोन ताटल्या मांडल्या. छर्रे नव्हते म्हणून मोहरी घेतली. एका ताटलीत विसाच्या काडतुसात मावते तेवढी ओतली, दुसरीत चारशेदहातली — जवळजवळ निम्मी. म्हटलं, बघा, इतके कमी छर्रे हवेत पसरले की मधे भगदाडं पडतात. पाखराला एखादाच लागतो, तोही पंखाला नाहीतर पायाला. मरत नाही. गवतात पडून राहतं, मग कोल्हा खातो. जिवंतपणी. मारायचंच तर नीट मारावं, तीच काय ती दया. तुला वीस बोअर. विषय संपला.

प्राणेश म्हणाला, "गॉट इट अंकल." पद्मनाभने आज पहिल्यांदा खुर्ची वळवली. दोन्ही ताटल्या निरखून निरखून पाहिल्या. चेहरा एकदम उजळला. "सरि, सरि. आता समजलं," म्हणाला.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणणार होतो. पण घडा सुलटा निघाला म्हणायचा!

३१ ऑगस्ट, रविवार

पाखरू पडलं आणि जिवंत असलं तर काय करायचं, ते आज सांगितलं. ते सोडून पुढे जाणारा माणूस मला माणूस वाटत नाही. एका हाताने अंग धरायचं, दुसऱ्या हाताने मान, एक ओढ आणि एक पीळ. क्षणाचं काम. लहानपणी बाबांनी मला शिकवलं तसं मी पंचा पाखरासारखा गुंडाळून करून दाखवलं.

प्राणेश पांढराफटक पडला. "अंकल, साहेबांचे डॉग्ज असतात. ते घेऊन येतात." घेऊन येतात, राजा. तुझ्या हातात आणून देतात. पुढचं कोण करणार, कुत्रा? कोंबडी खोक्यातून आली की हाडं चाटायची, आणि मान मोडायची म्हटलं की घेरी! असल्या माणसापेक्षा त्याचा बाप बरा, तो निदान सरळ दह्यालाही घाबरतो.

बाप तर दोन्ही कानांत बोटं घालून बसला होता, नजर मात्र पंच्यावर. माळ मांडीवर पडलेली.

१४ सप्टेंबर, रविवार

घेतली म्हणे. "तुम्ही सांगितली तशीच, अंकल." दाखव म्हटलं तर कपाटात आहे, कुलूप आहे, चावी पावनीकडे आहे. बायकोकडे बंदुकीची चावी! तिकडे दुकानात जाऊन बंदूक घेतात आणि गाडीत टाकून घरी नेतात. इथे मी निवडणूक आली की माझी दुनळी ठाण्यात जमा करतो, आणि मिशीही न फुटलेला शिपाई मला विचारतो, "अज्जा, हिचं तोंड कुठलं?"

नेम शिकायला जा म्हटलं, मातीच्या तबकड्या उडवतात तिथे. गेलो होतो म्हणाला. किती फोडल्यास? "इट वॉज मोअर अबाउट द एक्सपीरियन्स." म्हणजे एकही नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. वनजाने मिक्सर, स्कूटर, शिवणयंत्र, सगळ्यांना कुंकू लावलं. मी दुनळीला. बाबांच्या हाताची जागा दस्त्यावर अजून गुळगुळीत आहे.

पद्मनाभ आणि तुळसीवहिनी रविवारी अमेरिकेला निघणार, जानेवारीपर्यंत तिकडेच. पद्मनाभ निरोप घ्यायला आला, पुन्हा मागच्या दाराने. म्हणे त्या दिवशी तोही शेतावर जाणार. साहेबाने वडिलांनाही बोलावलंय. गाडीतच बसून राहणार, जप करत. वहिनींना सांगितलंय की शेती बघायला चाललोय.

शिकारीच्या शेतावर मोटारीत बसून जप! देवाला काय वाटत असेल, तो काही एका बाजूनेच ऐकतो काय? मी तोंडावर तसंच बोललो. तो म्हणाला, "पोरगा एकटा असतो रे तिथे." बस, एवढंच. मला राग आला, आणि राग आला याचाही राग आला.

१९ ऑक्टोबर, रविवार

पहाटेपासून फोन हातात धरून बसलो होतो. वनजा म्हणाली, सून बाळंत होत असती तरी तुम्ही इतके बसला नसता.

नऊच्या सुमारास प्राणेशचा फोटो आला. नारिंगी टोपी, नारिंगी जाकीट, शेजारी लालबुंद साहेब. "ग्रेट डे अंकल! गॉट वन! बॉस लव्हड इट."

फोटो मोठा करून पाहिला. नळी पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

चारशेदहा!

वीस बोअर म्हणून दोन महिने घसा कोरडा केला, ताटल्या मांडल्या, मोहरी ओतली — आणि त्या सोवळ्या माणसाने मोहरी मोजली! निम्मी मोहरी, निम्मा दोष! तेव्हा चेहरा उजळला तो म्हणून. मी मरणाचा हिशेब सांगत होतो, तो पापाचा लावत होता. पोराला हळूच सांगितलं असणार, ती धाकटीच घे. आणि दोघांनी मिळून मला कपाटाच्या चावीची गोष्ट सांगितली.

प्राणेशला विचारलं, जागच्या जागी पडलं का?

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. उत्तर नाही. पद्मनाभ परत आला की सांगतो त्याला. पुढच्या दारात उभं करून सांगतो, रस्ताभर ऐकू जाईल असं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पद्मनाभ परतला! जानेवारीत येणार होता, तिकीट बदलून आला. वहिनीही बरोबर. कालपासून समोरचं दार उघडं दिसतं, पण हा बाहेर पडत नाही. प्राणेशला बढती मिळाली म्हणे. पेढे नाहीत. लाज वाटत असेल. वाटायलाच हवी.

भाषण तयार आहे. अंघोळ करताना दोनदा म्हणून पाहिलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पद्मनाभ आला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "पडलं, पण मेलं नव्हतं. कुत्र्याने आणून प्राणेशच्या पायाशी ठेवलं. तो पाठ फिरवून गाडीत येऊन बसला, रडायला लागला. साहेब लांब होता. मग मी उतरलो." मग म्हणाला, "तू सांगितलंस तसंच केलं. पहिल्यांदा जमलं नाही. दोनदा करावं लागलं."

वहिनींना सगळं त्यानेच सांगितलं. काल सोसल्याला जाऊन समिती सोडून आला, कुणी विचारलं नसताना. पोराने मात्र ते पाखरू आपणच नीट मारलं असं सगळ्यांना सांगितलंय, आणि पद्मनाभने ते तसंच राहू दिलंय.

मी भाषण केलं नाही. त्याने आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाला, "तू लहान असताना पहिली मान मोडलीस ना. ती ऊब हातातून जायला किती दिवस लागतात?"

मी म्हटलं, अजून गेली नाही.