डोंगर पाडून दाखवणाऱ्या संगणकाची व्यवस्था

मी, यज्ञेश्वर सखाराम उतेकर, वय एकसष्ट, महाड औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्याचा निवृत्त तंत्रज्ञ आणि तिथल्या कामगार संघटनेचा बावीस वर्षे वक्ता, मूळचा शेवरीचा कोंड या डोंगरातल्या वाडीचा, तालुका पोलादपूर, हल्ली मुक्काम महाड, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोंडातल्या काही मंडळींना आणि डोंगराच्या पाहणीला आलेल्या एका सरकारी साहेबांना त्याबद्दल शंका आहे, म्हणून डॉक्टरांचा परवाचा दाखला मागे टाचला आहे. हे लिहिण्यासाठी कोणी माझ्यावर जबरदस्ती केलेली नाही.

आजच लिहिण्याचे कारण असे. येत्या एक जूनपासून मी माझी थोरली बहीण राहीबाई हिच्या घरी, शेवरीच्या कोंडात, राहायला जात आहे. तिच्या घराच्या वरच्या अंगाला डोंगराला फट पडली आहे. ती घर सोडत नाही आणि मला तिला सोडवत नाही. एकदा पाऊस लागला की लिहायला वेळ मिळेलच असे नाही.

कलम पहिले. महाड शहरात एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत माझे वरच्या मजल्यावरचे तीन खोल्यांचे घर आहे. ते माझ्या पश्चात माझी एकुलती मुलगी सई हिच्या मालकीचे होईल. मात्र शेवरीच्या कोंडातल्या अकरा घरांपैकी जो कोणी पावसाळ्यात खाली उतरेल, त्याला दरवर्षी जूनपासून नवरात्रापर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क राहील. भाडे घेऊ नये. उपकार केल्यासारखे तोंडही करू नये. हा हक्क मी जिवंत असतानाच, उद्यापासून सुरू होतो. चावी पुढे कलम तिसऱ्यात येणाऱ्या मुदस्सरकडे आहे. कोणी म्हणेल, महाडला तर सावित्रीचा पूर येतो. येतो. पण पुराचे पाणी एकेक पायरी चढत येते, माणसाला माळ्यावर जायला वेळ देते. डोंगर वेळ देत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत दरडी कोसळल्या तेव्हा आपल्या महाड-पोलादपूर दोन्ही तालुक्यांनी ते पाहिले आहे, आणि दोन वर्षांत आपण ते विसरलोही आहोत.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते सईचे. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम तिसरे. माझी पुस्तके महाडच्या वाचनालयाला द्यावीत. समासात मी पेन्सिलीने भांडणे केली आहेत, ती खोडू नयेत. माझी सगळी हत्यारे, म्हणजे तारांना डाख द्यायची डाखणी, मल्टिमीटर, पकडी आणि चुंबकी टोकाचे स्क्रूड्रायव्हर, मुदस्सर इब्राहिम देशमुख याला द्यावीत. बाजारात त्याचे मोबाईल आणि टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. त्याच्याशिवाय पुढच्या कलमातली वस्तू झालीच नसती.

कलम चौथे. माझा संगणक.

हे कलम लांबेल. सभेत ज्यांनी मला ऐकले आहे त्यांना नवल वाटणार नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी मी महाडच्या एका दुकानात संगणक घ्यायला गेलो. दुकानदार रावजी. त्याने बंद खोके पुढे सरकवले आणि म्हणाला, "काका, आत काय आहे ते विचारू नका. बटण दाबा आणि वापरा." आयुष्यभर मी कामगारांना सांगत आलो की ज्या यंत्रावर तुम्ही राबता त्याच्या पोटात काय आहे ते विचारा. मी खोके परत सरकवले आणि बाहेर पडताना म्हणालो, "रावजी, दोन्ही तालुक्यांत नसेल असा संगणक मी माझ्या हाताने जोडतो, बघ."

आणि जोडला. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि दोन जीबी रॅम मुंबईहून आणली. गेमसाठी लागते तसे भक्कम ग्राफिक्स कार्ड मुदस्सरच्या भावाने कुवेतहून टॉवेलात गुंडाळून आणले. कॅबिनेटची एक बाजू कापून तिथे पाट्या रंगवणाऱ्याकडून पारदर्शक ॲक्रिलिक बसवून घेतले. निळ्या दिव्यांचे चार पंखे लावले. वायरी पत्र्यामागून अशा बांधल्या की एकही समोर दिसू नये. प्रोसेसरवर तांदळाच्या दाण्याएवढी उष्णता ओढणारी पेस्ट लावली, पुसली आणि पुन्हा लावली. सई पुण्याहून फोनवर हसली. "बाबा, तुम्ही गेम खेळणार?" मी म्हटले, "नाही गो, दाखवणार."

त्या 'दाखवणार' शब्दातच सगळे लिहिलेले होते. मला तेव्हा वाचता आले नाही.

गणपतीत मी तो पुढच्या खोलीत पांढऱ्या चादरीवर मांडला. लोक चपला बाहेर काढून आत यायचे. मी ॲक्रिलिकवर बोट ठेवून एकेक भाग समजावून सांगायचो आणि शेवटी गेम लावायचो. रावजीही आला. अर्धा तास ॲक्रिलिकमधून आत बघत राहिला आणि निघून गेला. त्याच्याबद्दलचा राग मी त्या दिवशी सोडला, हे इथे नोंदवतो. त्याने हवे तर माझ्या मृत्यूनंतर त्यातले दोन पंखे न्यावेत.

त्या गेमसोबत स्वतःचा प्रदेश रचायची सोय होती. माउसने डोंगर उचलता येतो, घरे मांडता येतात, पाऊस पाडता येतो. दगडांचा ढीग सोडला तर तो आपल्या वजनाने उतारावरून येतो आणि वाटेतले सगळे पाडतो. नोव्हेंबरात मी बायकडे गेलो होतो. राहीबाईला मी लहानपणापासून बाय म्हणतो. तिच्या घरामागे डोंगरावर चढलो तेव्हा गवतात ती फट दिसली. चार बोटे रुंद. दोन्ही काठांवर मी एकेक खुंटी ठोकली, अंतर मोजले, आणि महाडला येऊन कोंड संगणकात रचायला बसलो. अकरा घरे, शाळेची शेड, विहीर, वर डोंगर. वाटले, माणसे भाषण विसरतात, पण डोळ्यांनी पाहिलेले विसरणार नाहीत.

सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर, संगणक गोधड्यांत गुंडाळून जीपने आंबेनळी घाटाच्या रस्त्याने कोंडाच्या फाट्यापर्यंत नेला. तिथून मुदस्सर आणि मी तो पाळण्यासारखा उचलून वर आणला. शाळेच्या खिडक्यांना पोती लावली. सगळा कोंड जमला. मी पाऊस पाडला आणि दगड सोडले.

अकरा घरे गेली. मग सहदेव ओरडला. बायच्या घराला लागून ज्याचे घर आहे तो हा सहदेव. "आयला! माझं घर पयलं गेलं! यज्ञूभाऊ, परत दाखव!"

सगळे हसले. म्हशीवाला पांडू म्हणाला, "भाऊ, माझ्या म्हशी कुठं हायत? म्हशी नाय घातल्यास!"

"पांड्या, म्हशी तुझ्यापेक्षा शहाण्या हायत, त्या आधीच पळाल्या," कोणीतरी म्हणाले, आणि शेड हशाने भरली.

आता माझा गुन्हा लिहितो. त्या क्षणी मी यंत्र बंद करायला हवे होते. मी फट दाखवायला आलो होतो. तिचा कोणी शब्दही काढला नव्हता. पण टाळ्या वाजल्या. बावीस वर्षे मी टाळीवर जगलो आहे. मी महाडला परतलो आणि म्हशी घातल्या. फेब्रुवारीत पुन्हा गेलो, तेव्हा त्या दावी तोडून पळाल्या आणि पांडूने मला मिठी मारली. मार्चमध्ये नवे स्पीकर नेले, दगडांचा गडगडाट वाढवला, सहदेवचे घर सगळ्यांत शेवटी पडेल असे केले, कारण त्याने तशी फर्माईश केली होती. शेजारच्या वाड्यांवरून माणसे बघायला आली. मी जोडलेल्या यंत्राची ख्याती पोलादपूरच्या बाजारापर्यंत गेली. आज विहिरीवर बायका एकमेकींना म्हणतात, "चल गो लवकर, नायतर डोंगर येल," आणि हसतात. त्यांना डोंगराची भीती होती, थोडी का होईना. ती मी तीन खेळांत संपवली. माणसाला मरणाची करमणूक करून दाखवणे हे खोटे बोलण्यापेक्षा वाईट आहे, कारण खोटे निदान पकडता येते.

म्हणून या संगणकाची व्यवस्था अशी. तो सईला मिळावा. त्यातली म्हशींची आणि मोठ्या आवाजाची आवृत्ती तिने पुसून टाकावी. पहिली, मुकी आवृत्ती ठेवावी. डोंगर खरोखर आला तर "बघा, यांनी आधीच सांगितले होते" म्हणून ती कोणालाही, वर्तमानपत्राला तर मुळीच, दाखवू नये. मी आधी सांगितले नव्हते. मी आधी खेळ केला होता.

कलम पाचवे. पाहणीला आलेल्या साहेबांना माझी वेताची काठी द्यावी. ते एप्रिलमध्ये आले, डोंगरावर न चढता शाळेच्या सावलीत बसले, चहा घेतला आणि "धोका आढळला नाही" असे लिहून गेले. मी फटीचा विषय काढला तेव्हा म्हणाले, "तुमच्या त्या गेमबद्दल ऐकलंय मी. मजेदार आहे म्हणे." त्यांच्यावरचा राग मी सोडलेला नाही, आणि मेल्यावरही सोडणार नाही. काठी घेऊन त्यांनी एकदा वर चढावे.

कलम सहावे. पुढे कोणी मला वेडा म्हणू नये म्हणून आजची स्थिती लिहून ठेवतो. नोव्हेंबरात चार बोटे असलेली फट काल अकरा बोटे झाली. खुंट्या समोरासमोर राहिलेल्या नाहीत, खालची खुंटी वीतभर खाली सरकली आहे. वरचा फणस खालच्या बाजूला कलला आहे. ऐन मे महिन्यात सहदेवच्या परसात नवा झरा फुटला आहे आणि पाणी गढूळ आहे. बायच्या मागच्या दाराची कडी लागत नाही. सुताराने दाराला दोनदा रंधा मारला. दार वाकडे झालेले नाही, चौकट सरकते आहे.

कलम सातवे. माझ्या राहण्याबद्दल. सई फोनवर म्हणाली, "बाबा, हे व्यासपीठ नाही. जीव आहे तुमचा." तिचे खरे आहे. पण कोंडात गाठ अशी बसली आहे. बाय सत्तरीची, कोंडात सगळ्यांत वडील. माणसे म्हणतात, "बाय हलली तर आमी हलू." बाय म्हणते, "कोंड हलला तर मी हलीन. म्हातारी एकटी पळाली असं मला नाय म्हणवून घ्यायचं." दोन्ही बाजू एकमेकींकडे बघत बसल्या आहेत आणि वर फट रुंदावते आहे. मी तिला म्हटले, "बाय, मी काय करू म्हणजे तू उठशील?" ती म्हणाली, "तू भाषण नको करू, यज्ञू. तू बस हितं." म्हणून बसायला जातो. आता मला त्या कोंडाशी बोलायला दुसरी भाषा उरलेली नाही.

आमचे देह सापडले तर एकत्र दहन करावे. भाषणे नकोत.

कलम आठवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सई आणि मुदस्सर यांनी मिळून करावी. मतभेद झाल्यास सईचे ऐकावे. मुदस्सर हे वाचून म्हणाला, "चाचा, माझं कोणी कधी ऐकलंय?" मी फट मोजायला कोंडात येऊन राहिलो तेव्हा त्याने दोनदा मला महाडला परत न्यायला मोटारसायकल आणली, दोनदा एकटाच परत गेला.

कलम नववे. हे कलम आज दुपारी, बायच्या ओटीवर, सह्या होण्यापूर्वी वाढवले आहे.

दोन साक्षीदार हवेत. मुदस्सर तयार होता. दुसरा कोंडातलाच असावा असा माझा हट्ट होता. सगळा कागद मी मोठ्याने वाचला. पांडू उठून गेला. सहदेव म्हणाला, "भाऊ, ह्यावर सही केली म्हंजे डोंगर येनार असं मी लिहून दिल्यासारखं होईल."

"नाही," मी म्हटले. "मी शुद्धीवर असताना तुझ्यासमोर सही केली, एवढंच तू लिहून देतोस."

"शुद्धीवर हायस?"

"तू सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आपल्या परसाकडे, जिथे झरा वाहतो आहे. कोणी हसले नाही. त्याने पेन घेतले, टोपण काढले आणि सही न करता परत माझ्या हातात दिले.

"ते महाडचं घर. त्यात माझ्या दोघी पोरींची नावं लिही. नुसतं 'जो कोणी' नको, नावं लिही. आधी ती लिही, मग मी सही करतो."

म्हणून लिहितो: सहदेव गोविंद सकपाळ याच्या मुली रखमा आणि शेवंता यांचा कलम एकमधला हक्क पहिला राहील. त्यांची सोय झाल्यावर बाकीच्यांची.

बाय उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिने सहदेवला विचारले, "कधी न्हेतोस?"

"परवा," सहदेव म्हणाला.

बाय उठून आत गेली. आतून फळीवरची भांडी खाली उतरवल्याचा आवाज येतो आहे. ती आवरते आहे की रांधायला घेते आहे, ते मला इथून कळत नाही, आणि आत जाऊन बघण्याचे धैर्य होत नाही.

हे सर्व वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही करतो.

(सही) यज्ञेश्वर सखाराम उतेकर

आम्ही दोघांनी त्यांना सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आपल्या सह्या केल्या.

१. (सही) मुदस्सर इब्राहिम देशमुख, महाड

२. (सही) सहदेव गोविंद सकपाळ, शेवरीचा कोंड

ठिकाण: शेवरीचा कोंड, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड
दिनांक: २९ मे २००७. आभाळ भरलेले.