गोधडीच्या पोटातले पाच दाणे

॥ श्री ॥

चिखली, १२ मे २०२५

चि. अर्पितास,
अ. उ. आ.

तुझ्या हॉटेलच्या साठही गोधड्या काल मलकापूरहून पार्सलने निघाल्या. रुखमाबाई आणि मी स्वतः उभ्या राहून गठ्ठे चढवून दिले. हमालाने पहिला गठ्ठा आपटला तेव्हा रुखमाबाईने त्याला असं झापलं की बाकीचे त्याने तान्ह्या लेकरासारखे उचलले. आम्ही अकरा बाया चार महिने सुई धरून बसलो होतो. कापड सगळं जुन्या सुती लुगड्यांचं, तुझ्या साहेबांना हवं तसं. रीतीप्रमाणे शेवटचा कोपरा शिवताना प्रत्येक गोधडीच्या पोटात ज्वारीचे पाच दाणे घातले. आपल्या घरातून उपाशी गोधडी निघत नाही, हे तुला काय सांगायचं? पाच वर्षांची माझ्याकडे आलीस तेव्हा तुझ्या गोधडीत दाणे तूच घातले होतेस, आणि पाच म्हटलं तर मूठभर कोंबले होतेस.

मुंबईच्या समुद्राकाठी एवढ्या भारी हॉटेलात पलंगापलंगावर चिखलीची गोधडी, हे मी सगळ्या गल्लीला सांगितलं. जे राहिले त्यांना रुखमाबाईने सांगितलं. कानातलं यंत्र लावलं तरी फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते, तेव्हा पत्रच लिही. मुंबईत पोस्टाची पेटी सापडत नाही ही सबब आता जुनी झाली.

लोभ आहे हे ठाऊक आहे, तो पत्रातून दिसू दे.

तुझी आत्या,
चांगुणा


मुंबई, २० जुलै २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गोधड्या पलंगांवर घातल्या त्या दिवशी मी उगीचच साठही खोल्यांतून चक्कर मारून आले. पाहुणे टाक्यांवरून हात फिरवतात, उलटी करून मागची बाजू बघतात. एका आजोबांनी तर जाताना विचारलं की ही विकत मिळेल का. मी दिवसभर ताठ मानेने फिरत होते. पण हे पत्र त्यासाठी नाही.

आमचं हॉटेल पर्यावरण जपणारं म्हणून नावाजलेलं आहे. त्यामुळे इथे सगळं गार पाण्यात धुतात आणि मशीनऐवजी दोरीवर वाळवतात. गेल्या आठवड्यात पाऊस उघडलाच नाही. गोधड्या चार दिवस दमट राहिल्या आणि वरून कोरडी लागली म्हणून एक पलंगावर गेली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी खाली फोन करून सांगितलं की त्यांच्या पांघरुणाला कोंब आले आहेत. आत्या, खरंच आले होते. कोपऱ्याच्या शिवणीतून पाच, पेराएवढे, पोपटी रंगाचे.

मला आधी हसू आलं आणि मग माझी सही आठवली. माल घेताना मी कागदावर सही केली आहे की जुनं कापड आणि दोरा यांखेरीज आत काहीही नाही. तुझं पत्र वाचून झाल्यावर केली. गोधडीत दाणे असतातच, ते वेगळे काय लिहायचे, असंच मला वाटलं असणार. त्यात दुसरी चूक. नात्यातल्या माणसाकडून माल घेतला तर इथे आधी लिहून द्यावं लागतं. मी दिलं नाही. वशिल्याने घेतल्या असं कोणी म्हणू नये, गोधड्या आपल्या गुणावर जाव्यात, एवढाच विचार केला होता.

आमचे मोठे साहेब, आल्हाद साहेब, यांनी सगळ्या गोधड्या उतरवल्या आहेत. पुढच्या दीडशेचं काम थांबवलं आहे. शिवणाऱ्यांपैकी कोणीतरी येऊन कोपरे उसवून दाखवावेत, मग ठरवू, असं ते म्हणाले. दोन दिवस राहायची खोली हॉटेल देणार आहे. तूच ये. पण आत्या, इथे मला ओळख दाखवू नकोस. दोन्ही चुका एकदम बाहेर आल्या तर नोकरी राहील की नाही सांगता येत नाही. हे लिहितानाही लाज वाटते आहे.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझी,
अर्पिता


चिखली, २६ जुलै २०२५

चि. अर्पितास,
अ. उ. आ.

येते. ओळख दाखवणार नाही. तुला मॅडम म्हणेन. लहानपणी तुला हाका मारून घसा बसायचा, तेव्हाच हे सुचलं असतं तर लवकर आली असतीस.

कोपरे उसवून दाखवीन, पण उपाशी गोधडी कोणाच्या अंगावर पडू देणार नाही. दीडशेचं काम जाईना का. अकराही जणींना विचारलं, सगळ्या हाव म्हणाल्या. रुखमाबाई मात्र फणकारली. पोरीले आपली लाज वाटून राह्यली, तू जाऊ नको, म्हणे. मी तिला सांगितलं, लाज नाही वाटत माय, भेव वाटते. तू कागदावर नातं लिहिलं नाहीस हे चुकलंसच, पण ते तुझं तू निस्तरशील एवढा भरवसा मला आहे.

प्रकृतीला जप. माझा राग गाडीत बसेपर्यंत ओसरेल.

तुझी आत्या,
चांगुणा


मुंबई, ३ ऑगस्ट २०२५

सौ. रुखमाबाईस,
स. न. वि. वि.

हा कागद हॉटेलातला आहे. ऊस पिळून उरलेल्या चिपाडाचा केलेला आहे असं त्यावरच लिहिलं आहे, म्हणून जपून वापरते आहे.

खोली सातव्या मजल्यावर. समोर भिंतच नाही, नुसती काच, आणि काचेपलीकडे जिथवर नजर जाईल तिथवर समुद्र. कुलपाची किल्ली म्हणजे लाकडी पट्टी. ती भिंतीतल्या खाचेत घातली की दिवे लागतात, काढली की सगळे विझतात. आपल्या गल्लीतल्या वंदनाच्या सासऱ्याची आठवण आली, तेही माणूस उंबऱ्याबाहेर पडला की बटण बंद करतात. पाण्याची बाटली काचेची, दात घासायचा ब्रश बांबूचा. न्हाणीतलं पाणी खाली जाऊन बागेला जातं. पण बादली कुठेच नाही! वरून फवारा. साबण लावेपर्यंत तो वाहतोच आहे. मी बादली मागितली तर पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग माळ्याकडून एक आणली. एका बादलीत माझं सगळं झालं, तेव्हा त्यातली एक म्हणे, आजी, आमच्या साहेबांना हे सांगायला पाहिजे.

जेवायला भाकरी होती. ज्वारीचीच, पण पापडाएवढी, आणि सोबत ज्वारीचे गुण सांगणारी छापील चिठ्ठी. मी चार मागितल्या. तू म्हणशील, बाई तुले तं मजा हाय. हाय ना! आपल्या हातच्या कामाने मला इथे आणून बसवलं आहे, कोणाच्या मेहेरबानीने नाही. काचेपुढे बसले की हे मनात येतं आणि मी आपोआप ताठ बसते.

खाली नाव लिहिताना एक फॉर्म भरला. अडीअडचणीला कोणाला कळवायचं, असा त्यात रकाना होता. पोरीला शब्द दिलेला, म्हणून कोरा ठेवला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मुंबईत तुमचं कोणीच नाही का. नाही म्हटलं. ते एक जड गेलं.

साठही गोधड्या खोलीतच आणून दिल्या आहेत. मी खाली बसून कोपरे उसवते. खुर्ची आणून दिली होती, पण टाका खुर्चीत बसून सापडत नाही. दाणे पाण्याच्या रिकाम्या पेल्यात जमवते आहे. आपली अर्पिता वही घेऊन दोनदा आली. काळा कोट, केस चापून बांधलेले, सगळ्या पोरी तिला बघून सरळ उभ्या राहतात. मी मॅडम म्हटलं तर तिचे कान लाल झाले. रुखमाबाई, किती मोठी दिसते गं ती! मी मान खाली घालून टाके उसवत राहिले, नाहीतर डोळ्यांतलं तिला दिसलं असतं.

कोपरे उसवता उसवता एक सुचलं आहे. तिथे छोटा खिसा शिवायचा, वरून झाकण, एक बटण. धुताना दाणे काढून ठेवायचे, वाळली की परत घालायचे. एक शिवून बघितला, चांगला बसला. उद्या अकरा वाजता साहेबांसमोर तोच दाखवणार आहे.

ता. क., ४ ऑगस्ट. पत्र टाकायचं राहिलं होतं म्हणून लिहिते. झाली बैठक. नेमके कानातल्या यंत्रातले सेल संपले. मी पेला टेबलावर ठेवला, खिसा दाखवला, दाणे घालून दाखवले. कोट घातलेला एक माणूस हसून काहीतरी बोलला. मग अर्पिता उभी राहिली आणि बराच वेळ बोलत होती. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. शेवटी साहेब उठले आणि त्यांनी मला हात जोडले. हात जोडले म्हणजे या आता, एवढं मलाही समजतं. काम गेलं असं धरून चाल. बाकीच्या जणींना मीच सांगीन. अर्पिताला आतच थांबवून घेतलं होतं, गाडीची वेळ झाली म्हणून मी तशीच निघाले.

घरी आले की आधी तुझ्या हातचा चहा.

तुझी,
चांगुणा


मुंबई, ६ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी बाहेर येईपर्यंत तू निघून गेली होतीस. स्टेशनवर धावत आले तेव्हा गाडी सुटली होती. यंत्राचे सेल संपले आणि काम गेलं, असं तू जाताना काउंटरवर म्हणालीस, त्यावरून तू काय समजून गेलीस ते मला कळलं आहे, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

तो हसणारा माणूस खरेदी विभागातला. गोधडीला जेवू घालणाऱ्या असल्या बायकांकडून माल घेतला कोणी, असं तो म्हणाला. मी उभी राहून म्हणाले, मी घेतला. पुढचं ठरवून गेले नव्हते, तोंडातून आलं तसं बोलले. मी म्हणाले की या चांगुणाबाई माझ्या आत्या आहेत. पाच वर्षांची होते तेव्हापासून मला यांनी वाढवलं. आत दाणे आहेत हे सही करताना मला ठाऊक होतं, आणि नातं लपवलं ते मी, या अकरा बायांपैकी कोणीही नाही. मग सांगितलं की आमच्याकडे ज्याच्या अंगावर गोधडी घालायची तो उपाशी झोपू नये, म्हणून आधी गोधडीचं पोट भरतात. मी अशाच गोधडीत वाढले आणि एकदाही उपाशी झोपले नाही.

कोणी हसलं नाही. साहेब तुझ्या खिशाचं बटण कितीतरी वेळ उघडत आणि लावत होते. मग ते उठले आणि त्यांनी तुला नमस्कार केला. तो निरोप नव्हता, आत्या. नमस्कारच होता.

मला लेखी ताकीद मिळाली आहे आणि तुमच्या मालाचं काम यापुढे दुसरे अधिकारी बघतील. हे योग्यच झालं. नोकरी राहिली. साठही गोधड्यांना खिसे लावायला त्या परत चिखलीला येत आहेत, आणि मागोमाग दीडशेचं पत्र, अकराही जणींच्या नावाने. दाणे काढून परत घालायचं काम माझ्या हाताखालच्या मुलींनी आपणहून घेतलं. तुझ्या पेल्यातले दाणे माळ्याने गच्चीवरच्या वाफ्यात टाकले आहेत. रुखमाकाकूंना सांग, मला लाजही वाटली होती आणि भेवही. आता दोन्ही नाही.

आज काउंटरवरच्या मुलीने तुझा फॉर्म माझ्याकडे आणून दिला, अर्धवट राहिला आहे म्हणून. नाव, गाव, वय, सगळं तुझ्या गोल अक्षरात. अडीअडचणीला कोणाला कळवायचं, तो रकाना कोरा. मी तिथेच उभी राहून त्यात माझं नाव लिहिलं. पुढे नातं विचारलं होतं. भाची लिहायला पेन टेकवलं, आणि लेक लिहिलं.

आशीर्वाद मागून घ्यावा लागू नये, एवढा लोभ राहू दे.

तुझी,
अर्पिता