पडदा काळा का होतो

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. आ. मोठी बहीण म्हणून आशीर्वाद देणं भाग आहे, म्हणून देते. आतून तुझ्यावर भयंकर चिडले आहे.

तुझ्या त्या डोंगरातल्या वीजघरावर फोन लागत नाही, आणि ज्या यंत्राची तक्रार करायची त्याच यंत्रावरून ती कशी पाठवायची? म्हणून पेन हातात घेतलं.

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तू रजा काढून आलास. वरच्या मजल्यावर तिच्या खोलीतल्या फळीवर कॅमेरा बसवलास आणि खाली माझ्या शिवणाच्या खोलीत, संगणकाच्या पडद्यावर, ती सतत दिसेल अशी सोय करून दिलीस. निघताना छाती फुगवून म्हणालास, ताई, आता तू निर्धास्त शीव. मी मेली शिवत बसले. मंगळवारी दुपारी वाद्यवृंदाचे कोट हातात होते. काळ्या कापडावर काळा दोरा, नजर हटवायची सोय नाही. अस्तर पुरं करून मान वर केली, तर पडदा त्या कोटापेक्षा काळा!

माउस हलवला. पडदा जागा झाला आणि मला दिसला रिकामा पलंग. तोंडात टाचण्या होत्या, तशीच जिना चढले. एखादी गिळली असती तर तुला दोघींची शुश्रूषा करावी लागली असती. वर जाऊन बघते तर आई खिडकीशी, चौकटीला धरून उभी, आणि वॉकर पार दाराशी. मलाच विचारते, कुठे आग लागली का?

काही झालं नव्हतं. पण झालं असतं तर? ती पडली असती आणि मी खाली बसून काज करत राहिले असते.

संगणक दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो हसत म्हणाला, बाई, संगणक झोपतो, वीज वाचवतो. माझी आई वाऱ्यावर सोडून वीज वाचवायला याला सांगितलं कुणी? घरातलं माणूस खोलीत असतानाच दिवा मालवणारा आपल्या घराण्यात एकच आहे. तेव्हा हे उद्योग तुझेच. ताबडतोब उपाय कळव.

लोभ असावा असं शेवटी लिहायचं असतं. उपाय आला की लिहीन.

तुझी,
ताई

दि. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी घाबरलो, मग रागावलो. मी काहीही केलेलं नाही! दुकानातून येणारा प्रत्येक संगणक असाच येतो. माउस हलला नाही, कळ दाबली गेली नाही, की त्याला वाटतं समोर कुणी नाही. समोर तू कात्री चालवते आहेस हे त्याला कसं कळावं? चूक झालीच असेल तर एवढीच, की जायच्या घाईत मी ते तपासलं नाही. पण म्हणून थेट घराण्यापर्यंत जायचं?

आता शांतपणे कर. सेटिंग्ज उघड, त्यात सिस्टीम, त्यात पॉवर. तिथे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक, पडदा किती वेळाने विझवायचा. दुसरी, अख्खा संगणक किती वेळाने झोपवायचा. लोक पहिली बदलतात आणि दुसरी विसरतात. दोन्हींपुढे ‘कधीच नाही’ निवड. ऊर्जाबचत चालू दिसली तर बंद कर. मग नेटवर्क कार्डाच्या माहितीत जा. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी, अशी एक चौकट सापडेल. तिच्यातली खूण काढ. नाहीतर पडदा उजळलेला राहील आणि चित्र मात्र गोठेल, ते जास्त वाईट.

आणि आई वॉकर सोडून खिडकीपर्यंत जाते हे तू मला ओझरतं कळवतेस? तिला बजावून सांग. हवं तर माझं नाव घेऊन रागाव. तिला माझा नमस्कार सांग.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

दि. २ मार्च

चि. धाकट्यास,

अ. आ.

तू लिहिलंस ते अक्षरशः तसंच केलं, पत्र मांडीवर ठेवून, एकेक ओळ वाचत. ‘कधीच नाही’ दोन्हीकडे. चौकटीतली खूण काढली. काही दिवस सोन्यासारखे गेले. आणि मग पुन्हा काळं तोंड! सेटिंग्ज उघडून बघते तर ‘कधीच नाही’ जाऊन तिथे ‘पाच मिनिटं’ येऊन बसलेली. म्हणजे आधीपेक्षाही कमी. मी बदललं. पुन्हा तेच. पुढच्या खोलीत कुणाची मापं घेऊन यावं, की हा घोरत पडलेला. दारावरची घंटा वाजली की याला मुद्दाम झोप येते अशी माझी खात्री झाली आहे.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने आधी सगळं खापर अपडेटवर फोडलं. मग म्हणाला, मॉनिटरला स्वतःचीही वीजबचत असते. कडेची बटणं दाबून तीही काढली. त्या दिवशी आईला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं म्हणून हात धरून खाली आणलं होतं. खुर्चीत बसून तिने त्याचं सगळं काम बघितलं. त्याला काय काय विचारत होती! बिचारीची तेवढीच करमणूक. तो गेला आणि दोन दिवसांत पुन्हा काळोख.

तिकडे वर आईचं निराळंच. मध्येच कॅमेऱ्यावर रुमाल टाकते. मी काढते, न रागावता समजावते, की आई, हे तुझ्याच भल्यासाठी आहे. ती भिंतीकडे तोंड करून पडते.

मी थकले रे. दर थोड्या वेळाने माउस हलवत बसले तर कोट कधी शिवू? सुई हातात धरली की धडधडतं. म्हणून परवा एक शुश्रूषागृह बघून आले. स्वच्छ आहे. पांढऱ्या चादरी, चोवीस तास कुणीतरी लक्ष ठेवायला. माहितीपत्रक सोबत पाठवते, एक माझ्याकडे आहे. आईला अजून बोलले नाही. तुझं मत कळव. आणि त्या यंत्राला काय झालंय तेही, कारण ते माझा सूड घेतंय.

या वेळी लोभाची गरज मलाच आहे.

ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

माहितीपत्रक वाचलं. मनाला पटत नाही, पण इथे बसून नाही म्हणायला मला तोंड नाही. तू म्हणशील तसं करू. मी रजा टाकतो. तिला सोडायला आपण दोघं जाऊ.

संगणकाबद्दल मात्र ऐक आणि चिडू नकोस. अपडेट एखाद्या वेळी सेटिंग बदलू शकतं, दर दोन दिवसांनी नाही. पाच मिनिटं कुणीतरी हाताने निवडल्याशिवाय येत नाहीत. घरात त्या यंत्राला हात लावणारी तूच एक. तेव्हा तूच काहीतरी भलतं दाबत असणार. नीट बघून दाब.

आईला नमस्कार.

तुझा,
धाकटा

दि. १५ मार्च

चि. मोठी आणि चि. धाकटा यांस,

आशीर्वाद दोघांनाही सारखेच, आणि रागही सारखाच.

पत्र एकच आहे, प्रती दोन काढल्या आहेत. टाइप मी केलं, छापलं मी. पाणीपुरवठा कार्यालयात जन्मभर टायपिस्ट होते, आणि शेवटची काही वर्षं टेबलावर संगणक होता, हे तुम्ही दोघंही साफ विसरलात.

पाच मिनिटं मी लावते.

पहिल्या वेळी तो आपला आपण झोपला, ते माझं काम नव्हे. पण मोठी धापा टाकत वर आली आणि पडद्याच्या नावाने बोटं मोडू लागली, तेव्हा मला कळलं की त्या डोळ्याला झोपवता येतं. मोठी पुढच्या खोलीत मापं घ्यायला गेली की मी कठडा धरून खाली येते, बदलते आणि वर जाते. दुरुस्तीवाल्याने मॉनिटरची बटणं दाखवली त्याबद्दल त्याची आभारी आहे.

जिन्यात एकदा पाय लटपटला. पायरीवर बसून राहिले, मग उठले. हेही सांगते, कारण मला खोटं बोलून जिंकायचं नाही.

आता माझं ऐका. मी कपडे बदलते ते कपाटाच्या दाराआड, अंग चोरून, माझ्याच खोलीत. रात्री कूस बदलताना तोंड वेडंवाकडं होतं, तर तेही झाकून घेते, कारण कोण बघत असेल सांगता येत नाही. रुमाल टाकला तर पोटची पोर लहान मुलाला समजवावं तशी हळू आवाजात समजावते. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं वाटलं असतं. कॅमेरा बसवताना धाकट्याने ताईला विचारलं, कोन बरोबर आहे का. मला कुणी काही विचारलं? मी तिथेच पलंगावर होते!

शुश्रूषागृहाचं माहितीपत्रक टेबलावरच होतं. धाकट्याचं पत्रही त्याच्याखाली होतं, ते वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं, पण त्यात सगळी मीच होते. मला कुठे सोडायचं ते दोघांचं ठरतं आहे, आणि माझ्या वाट्याला येतो शेवटच्या ओळीतला नमस्कार.

कॅमेरा काढा. दिवसा मी खाली, मोठीच्या समोर बसेन. बटणं लावता येतात मला. रात्री उशाशी घंटा ठेवा. लागली तर वाजवीन. हे मान्य नसेल तर त्या घरी जाईन, पण माझ्या पायांनी, तुम्ही सोडायला यायचं नाही.

आई

दि. १६ मार्च

चि. धाकट्यास,

अ. आ.

हे पोचेपर्यंत तुलाही प्रत मिळाली असेलच. मी इथे काय ऐकलं आणि काय ऐकवलं ते कागदावर मावणार नाही. मी म्हटलं, जिन्यावरून गडगडली असतीस तर आम्ही काय केलं असतं. ती म्हणाली, निदान कुणी बघत नसताना गडगडले असते. मग मी जी ओरडले, आणि ती जी ओरडली! कोटाची ट्रायल घ्यायला आलेला व्हायोलिनवाला दारातूनच परत गेला. 

मग मशीनच्या स्क्रूड्रायव्हरने कॅमेरा काढला. फळीला दोन भोकं राहिली आहेत. आई पलंगावर बसून बघत होती. शेवटचा स्क्रू निघाला तशी दाराआड न जाता तिने अंगावरचं स्वेटर डोक्यावरून ओढून काढलं आणि दुसरं घातलं. मी खाली येऊन बराच वेळ मशीनवर डोकं टेकून बसले.

आज ती इथे समोर आहे. आल्या आल्या माझी तीन काजं उसवली, म्हणे ओबडधोबड. भाषा तर तू ऐकायला हवी होतीस! त्या शुश्रूषागृहाला नको म्हणून कळवलं आहे.

आणि मी भलतं दाबते म्हणून जे लिहिलं होतंस, त्याबद्दल माफी पाठव. रजिस्टर्ड पोस्टाने.

ताई

दि. २३ मार्च

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि.

ताईचं पत्र वेगळं पाठवतो आहे. हे फक्त तुझं आहे.

मी तुझ्यावर रागावलो आहे. कॅमेऱ्याबद्दल तुझं म्हणणं सोळा आणे खरं, आणि मला मान खाली घालावी लागली. पण जिना! मोडलेलं हाड नुकतं जुळलेलं, हाक मारायला जवळ कुणी नाही, आणि तू एकटी खाली-वर करतेस? पायरीवर बसून राहिलीस, आणि आम्हाला कळू दिलं नाहीस? हे मला मुळीच पटलेलं नाही, आणि तू आई आहेस म्हणून मी ते गिळणार नाही.

रजा मिळाली आहे, ती रद्द करत नाही. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवतो. लाकडाचा हवा की लोखंडी, आणि हाताला किती उंचीवर बरा पडेल, ते तुझं तू ठरवून कळव. ताईला विचारणार नाही.

बाकी भांडण उलट टपाली पाठव. चांगलं लांबलचक. वाट बघतो.

तुझा,
धाकटा